मर्यादा कोणाची?

‘मर्यादा’ या शब्दाचे मराठींत दोन अर्थ आहेत, आणि ते एकमेकांच्या शेजारीं इतके दिवस सुखानें नांदत आले आहेत कीं त्यांच्यामधील भांडण सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. शेताची मर्यादा, समुद्राची मर्यादा, कर्जाची मर्यादा असें आपण म्हणतों, तेव्हां ‘येथवर, याच्या पलीकडे नाहीं’ एवढाच अर्थ आपल्या मनांत असतो. परंतु सुनेनें मर्यादेनें वागावें, धाकट्यानें थोरल्यांची मर्यादा राखावी, कारकुनानें साहेबापुढें मर्यादा सोडूं नये, असें म्हणतांना तोच शब्द अगदीं निराळें काम करूं लागतो. शेताच्या मर्यादेनें शेजार्‍याचा नांगर अडतो. सुनेच्या मर्यादेनें सुनेचें तोंड अडतें. सासूनें सुनेकडून किती काम घ्यावें याला आपल्या जुन्या घरांत मर्यादा नव्हती. सुनेनें ‘नाहीं’ म्हणूं नये, हीच मर्यादा होती. मागणाराला मोकळें रान आणि देणाराला कुंपण, अशी ही व्यवस्था एका शब्दाच्या पोटांत दडून बसलेली आहे. भाषेवरून समाजाचा न्याय करूं नये असें आम्ही वर्गांत विद्यार्थ्यांना बजावीत असतों. येथें मात्र तो मोह आवरत नाहीं.

हा विचार सुचण्याचें कारण तात्त्विक नाहीं. गेलीं कांहीं वर्षें आमचे तरुण सहकारी ‘बर्नआउट’ हा शब्द वारंवार उच्चारूं लागले आहेत, आणि त्यावर उपाय म्हणून कामाला व नात्यागोत्याला सीमा आंखून घ्या, असा उपदेश करणारीं पुस्तकें आमच्यासारख्या तालुक्याच्या गांवींहि दुकानांत मांडलेलीं दिसतात. प्रथम आम्हीं या शब्दाची थट्टाच केली. आमचे वडील पोस्टांत होते. त्यांनीं पस्तीस वर्षें नोकरी करून आठ माणसांचें घर चालविलें, आणि त्यांना दम्याशिवाय दुसरें कांहीं झालें नाहीं, असें आम्ही प्राध्यापकांच्या खोलींत मोठ्यानें सांगत असूं. ज्या व्याधीला मराठींत नांव नाहीं ती मराठी माणसाला होणार नाहीं, अशी कांहीं तरी आमची समजूत असावी.

दोन वर्षांपूर्वीं एप्रिलच्या अखेरीस एका रात्रीं आम्ही नीतिशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपाशीत बसलों होतों. त्या महिन्यांत कॉलेजच्या मूल्यांकनाचा अहवाल आमच्याकडे होता, परीक्षेचें वेळापत्रक आमच्याकडे होतें, आणि ‘आपण ज्येष्ठ आहांत’ या एका वाक्यावर आणखी तीन समित्या आमच्या गळ्यांत पडलेल्या होत्या. घरीं ८३ वर्षांची आई. भाच्याच्या लग्नाचीं बोलणीं. चुलतभावाचें ऑपरेशन आणि त्याच्या विम्याचे कागद. शिवाय गांवांतील ज्या कोणाच्या मुलाला कोठें प्रवेश हवा असेल त्याचा फोन. यांतील एकहि काम वाईट नव्हतें. हें मुद्दाम सांगावयास हवें. कारण वाईट कामाला ‘नाहीं’ म्हणण्याचें शिक्षण आपणांस लहानपणापासून मिळतें, चांगल्या कामाला ‘नाहीं’ म्हणण्याचें कोणी देत नाहीं. साडेअकराच्या सुमारास गठ्ठा संपला. गुणांचा तक्ता भरतांना पाहतों तों ओळीनें अकरा उत्तरपत्रिकांना आम्हीं एकच गुण दिलेले. कोणतीं उत्तरें वाचलीं होतीं आणि कोणतीं नुसतीं उलटलीं होतीं, कांहींएक आठवेना. दुसर्‍या दिवशीं त्या सर्व पुन्हा तपासल्या. दोघांना आम्हीं नापास केलें होतें, आणि दोघेंहि उत्तीर्ण होण्याच्या योग्यतेचीं होतीं. त्यांतील एका मुलीनें कर्तव्याच्या कल्पनेवर चांगलें दीड पान लिहिलें होतें.

डॉक्टरांनीं रक्त तपासलें, साखर तपासली, हृदयाचा आलेख काढला, आणि सर्व ठीक आहे असें सांगून ‘थोडी विश्रांति घ्या’ म्हणाले. तीहि घेतली. सुटींत पंधरा दिवस झोपून काढले. पण जूनमध्यें पहिल्या तासाला फळ्याकडे वळलों, तों खडू हातांत धरावा असें वाटेना. आपल्या भाषेंत थकव्याच्या छटा कमी नाहींत. माणूस दमतो, भागतो, शिणतो, आंबतो, मेटाकुटीस येतो. तसाच तो कंटाळतो, कावतो, विटतो. पहिले शब्द शरीराचे, दुसरे मनाचे. ‘विटणें’ हा शब्द आमच्या अवस्थेच्या बराच जवळ येत होता, कारण त्यांत रंग उडाल्याची कल्पना आहे. विटलेलें कापड फाटलेलें नसतें. दुरून पाहणाराला तें धड दिसतें.

‘बर्नआउट’ हा शब्द या अर्थानें शास्त्रीय लिखाणांत आणला तो न्यूयॉर्कमधील हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानें, १९७४ सालीं. दिवसा आपला व्यवसाय करून संध्याकाळीं तो एका मोफत दवाखान्यांत काम करीत असे. तेथील स्वयंसेवकांकडे पाहून आणि स्वतःच्याहि अनुभवावरून त्याच्या जें ध्यानांत आलें, तें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. विझत होते ते कामचुकार नव्हते. जे सर्वांत अधिक निष्ठेनें आले होते तेच विझत होते. म्हणजे या व्याधीची पहिली ओळख पटली ती पगारी नोकरांत नव्हे, तर बिनपगारी सेवकांत. पुढें कॅलिफोर्नियांतील ख्रिस्तीना मॅस्लॅक यांनीं सूझन जॅक्सन यांच्यासह १९८१ सालीं तिच्या मोजमापाची रीत तयार केली. शीण, ज्यांच्यासाठीं काम करावयाचें त्यांच्याविषयींच मनांत येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून कांहीं होत नाहीं ही भावना, अशीं तिचीं तीन अंगें त्यांनीं सांगितलीं. दुसरें अंग वाचतांना आम्ही चपापलों. त्या अकरा उत्तरपत्रिका तपासतांना आम्हांस विद्यार्थ्यांचा राग आला नव्हता, कींवहि आली नव्हती; ती माणसें आहेत हेंच मनांत नव्हतें. थकलेल्या माणसाकडे आपण सहानुभूतीनें पाहतों, आणि तें योग्यच आहे. पण त्याच्या थकव्याचा भुर्दंड दुसर्‍यावर बसत असतो ही बाजू सहानुभूतींत बुडून जाते. जो कोणालाच ‘नाहीं’ म्हणत नाहीं तो सर्वांना देतो असें दिसतें. वस्तुतः कांहीं काळानें तो सर्वांना खोटें नाणें देऊं लागतो.

आमच्या पेशाला स्वार्थत्यागाचा मोठा वारसा आहे, आणि तो आम्हीं कसा जपला हें पाहण्यासारखें आहे. १८८४ सालीं पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, पुढच्याच वर्षीं फर्ग्युसन कॉलेज निघालें, आणि तिच्या आजीव सभासदांनीं ७५ रुपये वेतनावर वीस वर्षें शिकविण्याचें व्रत घेतलें. हें व्रत आम्ही वर्षांतून एकदां तरी भाषणांत सांगतों. त्या व्रतांत वीस हा आंकडा होता, एवढी गोष्ट मात्र सांगावयाची राहून जाते. तीं मोठीं माणसें किती वर्षें द्यावयाचीं हें ठरवून त्यागास निघालीं होतीं; आम्हीं आंकडा पुसला आणि त्याग तेवढा ठेवला. शिवाय त्या मंडळींतहि या बाबतींत एकमत नव्हतें. आजीव सभासदानें आपला सगळा वेळ संस्थेलाच द्यावा, बाहेरचें काम आणि बाहेरची मिळकत करूं नये, असें टिळकांचें म्हणणें; आगरकर व गोखले यांच्या पक्षास तें मान्य नव्हतें. गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद पत्करलें तेव्हां हा वाद विकोपास गेला, आणि १८९० सालीं टिळक संस्थेंतून बाहेर पडले. वादांत कोणाची बाजू खरी हें येथें ठरवावयाचें नाहीं. पुढें मंडालेच्या तुरुंगांत बसून ज्यानें कर्मयोगावर एवढा मोठा ग्रंथ लिहिला, त्याला अर्धवेळ निष्ठा पसंत पडली नसती हें उघडच आहे.

त्याच १८९० सालीं मुंबईस दुसरी एक गोष्ट घडली. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे १८८४ पासून गिरणीकामगारांच्या सभा भरवीत होते. त्यांच्या मागण्या अगदीं साध्या होत्या. रविवारीं सुटी असावी. दुपारीं अर्धा तास विश्रांति मिळावी. काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास बंद व्हावें. पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत हातीं पडावा. ‘सूर्यास्तास’ हा शब्द वाचून आम्ही क्षणभर थांबलों. सूर्य मावळल्यावर काम थांबावें यासाठींहि अर्ज करावा लागत होता! जून १८९० मध्यें मालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. पुण्याचे पदवीधर आपल्या निष्ठेला मर्यादा असावी कीं नसावी यावर भांडत होते, आणि मुंबईचे बहुधा निरक्षर असलेले कामगार ती मिळवून मोकळे झाले होते. सुटी मागणारा माणूस सेवेला भितो, अशी जी एक समजूत आहे तिच्यासाठीं लोखंड्यांचा शेवट सांगण्यासारखा आहे: १८९७ सालीं मुंबईच्या प्लेगांत पीडितांच्या मदतीचें काम करीत असतांना त्याच रोगानें ते वारले. आमचे एक मित्र या विषयावर बोलूं लागले कीं दधीचीचा दाखला देतात. दधीचीनें हाडें दिलीं हें खरें. पण तीं एकदांच दिलीं, आणि वृत्राच्या वधासाठीं दिलीं. रोज सकाळीं एक हाड, आणि तेंहि हजेरीचे तक्ते भरण्यासाठीं, असें त्याच्याकडे कोणी मागितलें नव्हतें.

परंतु लोखंड्यांनीं रविवार मागितला तो स्वतःपुरता नव्हे, सर्वांसाठीं मागितला, यांतलें मर्म त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. आम्हीं पुस्तकांत सांगितलें होतें तेंच केलें. जुलैमध्यें प्राचार्यांना भेटून मूल्यांकनाचा अहवाल सोडला आणि समित्याहि सोडल्या. संध्याकाळीं सातनंतर आमचा फोन बंद राहील असें सर्वांस कळविलें. प्रवेशाच्या बाबतींत आमच्याकडून कांहीं होणार नाहीं असें नातेवाइकांना स्पष्ट सांगितलें. एका आतेभावानें त्यावरून अबोला धरला, तो अजून सुटलेला नाहीं. पहिले पंधरा दिवस फार अपराधी वाटलें. मग हळूहळू झोप लागूं लागली. गणपतीच्या सुमारास आम्ही पुन्हा परीक्षेशीं संबंध नसलेलीं पुस्तकें वाचूं लागलों. तासाला एखादा मुलगा आडवा प्रश्न विचारील तर बरें, असें वाटूं लागलें. हे उपाय ढोंगी आहेत असें म्हणणें अप्रामाणिकपणाचें होईल. त्यांनीं गुण येतो. त्यांची किंमत कोण भरतो, एवढाच प्रश्न आहे.

दिवाळीच्या सुटीनंतर एके दिवशीं आमच्या विभागांतील एक तरुण अध्यापिका ग्रंथालयांत संगणकासमोर मान खालीं घालून बसलेली दिसली. ती तासिका तत्त्वावर शिकविते. म्हणजे जितके तास तितकाच मोबदला, तोहि अनेकदां महिनोगणती उशिरानें, आणि वर्ष संपलें कीं नेमणूक संपली. घरीं दोन वर्षांचें मूल. काय चाललें आहे म्हणून आम्हीं सहज विचारलें.

‘तो मूल्यांकनाचा अहवाल, सर. जुलैपासून माझ्याकडेच आहे.’

याचे तास कोठें धरतात? कोठेंच धरत नाहींत. मग तुम्हीं नाहीं कां म्हटलें नाहीं, हा प्रश्न आमच्या ओठांवर आला आणि सुदैवानें तेथेंच राहिला. पुढच्या वर्षीं कोणाला बोलवावयाचें हें ज्यांच्या हातीं आहे त्यांना ‘नाहीं’ म्हणावयाला अंगांत धैर्य असून भागत नाहीं, नोकरी कायम असावी लागते. आमचा नकार आमच्या दारांतून निघाला, आणि जिला दार लावून घेण्याची सोय नव्हती तिच्या घरांत जाऊन बसला. घरींहि तोच प्रकार झाला होता, आणि तो समजावयास आम्हांस आणखी दोन महिने लागले, यावरून तत्त्वज्ञानाच्या अध्यापनानें दृष्टि कितपत सूक्ष्म होते याची कल्पना यावी. सातनंतर आमचा फोन बंद, म्हणून सगळे नातेवाईक आमच्या पत्नीच्या फोनवर येऊं लागले होते. ती मुलींच्या शाळेंत शिकविते. तिच्याहि वह्यांचे गठ्ठे घरीं येतात. लग्नाच्या याद्या, चुलतभावाचीं औषधें, त्याच्या विम्याची तक्रार, हें सारें तिनें एका शब्दानें न बोलतां उचललें. आणि शेजारच्या खोलींत आम्ही शांतपणें कांट वाचीत होतों.

आमच्या आजोबांची थोडी शेती होती. लहानपणीं त्यांच्याबरोबर बांधावरून चालतांना त्यांनीं दाखविलेल्या गोष्टी या दिवसांत पुन्हा आठवूं लागल्या. बांध ही भिंत नव्हे. तो पावसाचें पाणी थोपवून धरतो, माती वाहूं देत नाहीं, आणि जास्तीचें पाणी बाहेर पडावें म्हणून त्याला सांडवा ठेवावा लागतो. त्यावर गवत येतें, एखादी बोर-बाभूळ उभी राहते, आणि दोन्हीकडच्या माणसांची जाण्यायेण्याची वाट त्याच्यावरूनच असते. बांध कोरणारा शेजारी दर नांगरणीला एकच तास आंत सरकतो. एका वर्षांत कोणाचें शेत गेलें असें होत नाहीं. पंधरा वर्षांनीं मोजणी होते तेव्हां कळतें. माणसाचा दिवसहि असाच कोरला जातो. ‘पांच मिनिटांचें काम आहे’ असें म्हणत कोणी आंत येतो, तेव्हां त्याच्यावर चोरीचा आरोप करतां येत नाहीं, आणि आपणहि दुसर्‍यांच्या दिवसांत तसेच सरकत असतों. येथपर्यंत आजोबांचा बांध आणि पुस्तकांतला उपदेश बरोबरीनें चालतात. पण आजोबा आणखी एक गोष्ट सांगत. उताराच्या जमिनींत वरच्या शेतकर्‍यानें आपला बांध नीट घातला आणि पाणी मात्र वाटेल तिकडे काढून दिलें, तर त्याचें शेत राहतें आणि खालच्याचें धुऊन जातें. म्हणून बांध घालतांना पाणी कोठें जाणार हें खालच्याला विचारावें लागतें. तें आम्हीं विचारलें नव्हतें.

कांट आम्ही अठ्ठावीस वर्षें शिकवीत आहों. स्वतःसंबंधींचीं कर्तव्यें नसतील तर दुसरीं कसलींच कर्तव्यें उरणार नाहींत, असें त्यानें १७९७ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत स्पष्ट म्हटलें आहे. आणि परोपकाराचें कर्तव्य कोठवर करावयाचें याविषयीं माणसाला कांहीं मोकळीक आहे, असेंहि तो सांगतो. एकदां एका विद्यार्थिनीनें विचारलें होतें, ‘सर, कर्तव्याला सुटी असते का?’ तेव्हां आम्हीं हेंच उत्तर मोठ्या समाधानानें दिलें होतें. आज त्यांत एक दुरुस्ती करावीशी वाटते. कांटचा दिनक्रम घड्याळासारखा नियमित होता, हें त्याच्या प्रत्येक चरित्रांत लिहिलेलें असतें. पण त्याला रोज पहांटे पांच वाजतां उठवावयास मार्टिन लांपे नांवाचा नोकर येत असे, आणि तें काम लांपेनें कित्येक दशकें केलें. म्हणजे कांटच्या नियमाचा एक खांब लांपेच्या खांद्यावर होता. कांटला सात तास झोप मिळावी हें त्याचें स्वतःसंबंधीं कर्तव्य असेल. लांपे किती वाजतां उठत असे, हा प्रश्न आम्हीं परीक्षेंत कधीं घातला नाहीं.

स्त्रियांच्या बाबतींत हा हिशेब आणखी कठीण होतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं आपल्या रोगसूचीच्या अकराव्या आवृत्तींत ‘बर्नआउट’ला जागा दिली ती रोग म्हणून नव्हे, तर व्यवसायाशीं निगडित अशी एक अवस्था म्हणून, आणि जीवनाच्या इतर क्षेत्रांतील अनुभवांना हें नांव लावूं नये, असेंहि बजावलें. शास्त्रीय नेमकेपणासाठीं तें ठीक असेल. परंतु भारत सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०२४ सालीं लोकांच्या वेळाची पाहणी केली, तींत घरकाम करणार्‍या स्त्रियांचीं बिनपगारी घरकामाचीं सरासरी मिनिटें दिवसाला २८९ भरलीं, आणि घरकाम करणार्‍या पुरुषांचीं ८८. हीं २८९ मिनिटें कोणत्या क्षेत्रांत घालावयाचीं? घराला भोंगा नाहीं, मालकांची सभा नाहीं, सह्यांचा अर्ज कोणाला द्यावयाचा हें ठाऊक नाहीं.

आमची आई आतां ८५ वर्षांची आहे. मध्यंतरीं एका दुपारीं तिला आम्हीं विचारलें कीं, एवढ्या संसारांत तुला स्वतःसाठीं वेळ कधीं मिळाला होता का? ती हंसून म्हणाली, ‘महिन्यांतले ते तीन दिवस रे. कोणी शिवायचं नाहीं, कोणी हाक मारायची नाहीं. माडीवरच्या खोलींत बसून किती पुस्तकं वाचलीं मीं!’ या प्रथेचें समर्थन आम्हांस स्वप्नांतहि करावयाचें नाहीं; तिनें पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांचा अपमान केला, आणि जातीजातींचा विटाळ ज्या कल्पनेंतून निघाला तिचीच ही घरांतली बहीण. पण आईच्या त्या हंसण्यानें आम्ही फार वेळ अस्वस्थ राहिलों. घरच्या माणसांनीं आपल्याला क्षणभर मोकळें सोडावें, यासाठीं त्या काळच्या बाईला अपवित्र व्हावें लागत होतें. दुसरा कोणताहि बांध तिच्याजवळ नव्हता. ही हकीकत आम्हीं थोरल्या बहिणीला फोनवर सांगितली. ती थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, ‘आणि त्या तीन दिवसांत तुम्हां सगळ्यांच्या पोळ्या कोण करीत होतं, तें सांगितलं का आईनं? मी दहा वर्षांची होतें.’

तेव्हां नकार द्यावा कीं देऊं नये, हा मूळ प्रश्न आम्हांस आतां थोडा भाबडा वाटतो. आपल्या हातून खोटें नाणें जाऊं लागलें असेल तर नकार दिलाच पाहिजे. त्यांत संकोचाचें कारण नाहीं. मात्र टाकलेलें काम कोठें जाऊन पडतें हें पाहिल्याशिवाय नकार पुरा होत नाहीं. आणि पाहिलें म्हणजे कित्येकदां गंमत दिसते. आम्हीं सोडलेल्या एका समितीची वर्षभर सभाच झाली नाहीं, आणि कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. तें काम आमच्याबरोबरच मेलें. अशीं कामें पुष्कळ असतात, आणि कोणी तरी सोडल्याशिवाय तीं मरत नाहींत. जें मरत नाहीं, ज्याचें ओझें खरें आहे, आईला रात्रीं उठून पाणी देणें किंवा तो अहवाल, तें मात्र उघड्यावर मांडून वांटून घ्यावें लागतें. फ्रान्समध्यें १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संदेशांपासून मोकळें राहण्याच्या हक्काविषयीं कामगारांशीं बोलणीं करणें भाग झालें. आपल्या लोकसभेंत २०१८ सालीं सुप्रिया सुळे यांनीं तशाच आशयाचें खाजगी विधेयक मांडलें. त्याचा कायदा झाला नाहीं. कायद्यानें सर्व साधतें असें नाहीं, पण नकाराचें ओझें एकट्यादुकट्याच्या धैर्यावर राहत नाहीं, हा त्याचा मोठा उपयोग.

आमच्याकडे काय झालें तें सांगतों. त्यांत फुशारकी मारण्यासारखें फारसें नाहीं. कायम नोकरी असलेले आम्ही चौघे मिळून प्राचार्यांकडे गेलों. अहवालाचें काम कायम प्राध्यापकांत वांटावें, आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांना तासाबाहेरचें काम सांगूं नये, एवढेंच मागणें होतें. प्राचार्य माणूस म्हणून वाईट नाहींत. त्यांच्यावर वरून येणारीं पत्रकें आम्हीं पाहिलीं आहेत. पहिलें त्यांनीं मान्य केलें, दुसरें ‘शक्यतों’ हा शब्द घालून मान्य केलें, आणि सायंकाळीं सातनंतर सूचना पाठवूं नयेत हें तिसरें त्यांनीं आपणहून जोडलें. अहवालाचा चौथा भाग पुन्हा आमच्याकडे आला. घरीं पत्नीच्या फोनवरील नातेवाईक आम्हीं परत आमच्या फोनवर घेतले, त्यांना रविवार सकाळ दिली, आणि आईच्या रात्री एकाआड एक वांटून घेतल्या. गुरुवारीं संध्याकाळीं पत्नी घरीं नसते. कोठें गेली होतीस हें विचारण्याची आमची संवय मोडावयास तीन महिने लागले.

गेल्या महिन्यांत अहवालांतील एक आंकडा जुळेना. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. ज्या अध्यापिकेनें मागच्या वर्षीं तो भाग भरला होता तिला आम्हीं संदेश पाठविला, आणि तो तिनें पाहिल्याची निळी खूणहि लगेच आली. उत्तर मात्र आलें नाहीं. दहा वाजले, साडेदहा वाजले; दोन मिनिटांचें काम, एवढें सांगावयास काय हरकत होती, असें मनांत येऊं लागलें, आणि शेवटीं आम्ही थोडे रागावूनच अंथरुणावर पडलों. सकाळीं आठ वाजून पांच मिनिटांनीं तिचें उत्तर आलें. आंकडा बरोबर होता. सातनंतरचा नियम प्रथम कोणी मोडला याविषयीं त्यांत एक अक्षरहि नव्हतें.